पलंगाखालच्या विटा

फळ्यावर तेवीस कामं लिहिली होती. प्रत्येक कामापुढे अंदाजे खर्च आणि सगळ्यात खाली, चौकटीत, एकच आकडा: त्या वर्षी आमच्या भागातल्या लहान कामांसाठी हाताशी असलेली रक्कम. बेरीज करायला कुणाला कागद लागला नाही. यादीतली सात, फार तर आठ कामं त्या चौकटीत मावणार होती.

शाळेचा वर्ग होता. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही चाळीसेक मोठी माणसं बसलो होतो. त्यातली कोणती कामं घ्यायची हे या वेळी आम्हा रहिवाशांनीच ठरवायचं होतं. मी माझं काम घेऊन आले होते. आमच्या घरांमागच्या मोकळ्या जागेत फिरायला वाट, चार बाकं, कडेनं झाडं. सहा महिने दारोदार फिरून मी त्यासाठी सह्या गोळा केल्या होत्या. अर्ज, पोच, स्मरणपत्र, पुन्हा पोच, सगळं एका फाइलीत तारखेवार लावलेलं होतं. मागणी कशी करायची हे मला पुरतं येत होतं. मागताना फक्त आपलंच काम डोळ्यांपुढे असतं, बाकीची यादी सांभाळणं हे समोरच्या खुर्चीचं काम असतं. त्या दिवशी ती खुर्चीच आमच्यात येऊन बसली होती. तेवीसातली पंधरा कामं आम्हालाच खोडायची होती.

पहिला तासभर कुणी काही खोडलं नाही. प्रत्येक जण आपल्या कामाचं महत्त्व सांगत होता आणि फळा होता तसाच होता. मग मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. कामावरून थेट आल्या होत्या, खांद्यावरची पिशवी अजून उतरवलेली नव्हती. म्हणाल्या, "आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात घरात पाणी येतं. गटार पाहिजे." आणि बसल्या. बस्स, एवढंच. त्यांच्या कामापुढचा आकडा यादीत सगळ्यात मोठा होता, चौकटीतली जवळजवळ अर्धी रक्कम एकट्या त्या गटारात जाणार होती. "एका गल्लीसाठी एवढे पैसे?" कुणीतरी विचारलं, आणि मनातल्या मनात मीही तेच विचारत होते.

अभियंता तरुण होता. त्याने इस्टिमेट उघडून ओळ न् ओळ वाचली. खोदाई इतकी, साडेचारशे मिलिमीटर व्यासाचे पाइप इतके मीटर, चेंबर इतके, आणि वर फोडलेला रस्ता पुन्हा करण्याचा खर्च. व्यास कमी का चालणार नाही, हेही त्याने फळ्यावर दोन गोल काढून समजावलं. वरच्या भागाचं सगळं पाणी उताराने त्या गल्लीत जातं. वरचा भाग म्हणजे आम्ही. हे ऐकून वर्ग थोडा गप्प झाला. मग एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "चला ना, बघूनच येऊ. दहा मिनिटांचा तर रस्ता आहे."

अर्धी माणसं गेली, त्यांत मीही होते.

त्या बाईंच्या घरात उभं राहायला तिघांपुरतीच जागा होती, म्हणून आळीपाळीने आत गेलो. पलंगाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा होत्या. कपड्यांची पेटी टेबलावर आणि टेबलाच्या पायांखालीही विटा. मुलांची दप्तरं खिळ्यांना उंच टांगलेली. भिंतीवर गुडघ्याच्या जरा वर एक आडवी रेघ होती, खाली रंगाचे पोपडे निघालेले आणि वरचा रंग शाबूत, इतकी सरळ की कुणी पट्टी लावून आखली असावी. मी त्या घरापासून दहा मिनिटांवर अकरा वर्षं राहत होते आणि त्या गल्लीत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

परत आल्यावर मी माझं काम यादीच्या तळाशी टाकायला सांगितलं. याला कुणी मोठेपणा म्हणू नये. ती रेघ बघून आल्यावर बाकांसाठी हात वर करणं मला जमलंच नसतं. आणि गोष्ट तिथे संपलीही नाही. ज्यांच्या सह्या मी घेतल्या होत्या ते दुसऱ्या दिवशी दारात उभे. "आमच्या सह्यांचं काय केलंत?" त्यांचा राग खरा होता. त्यांनी मला मागायला पाठवलं होतं आणि मी ठरवून आले होते. पुढचे पंधरा दिवस मी घरोघर जाऊन त्या रेघेबद्दल सांगत होते. काहींना पटलं. एका घराशी जो अबोला पडला तो अजून तसाच आहे.

ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्ते या शहरात ही "बघून येऊ"ची गोष्ट पद्धतीचाच भाग केलेली होती, हे मला बऱ्याच नंतर कळलं. तिथे १९९३ पासून नगरपालिकेच्या पैशांतली कामं रहिवाशांनी निवडायची पद्धत सुरू झाली. अंतिम निवडीआधी वस्तीवस्तीचे प्रतिनिधी बसमध्ये बसून सगळ्या प्रस्तावित कामांच्या जागा बघून यायचे. या फेरीला ते प्राधान्यक्रमांचा काफिला म्हणायचे. आपल्या वस्तीची बाजू मांडायला निघालेला माणूस आधी दुसऱ्यांच्या वस्त्या बघायचा आणि मग मत द्यायचा. कुणाच्या सुपीक डोक्यातून ही बस निघाली मला माहीत नाही, पण त्या माणसाला माणसं कळत होती.

या सगळ्याची सुरुवात ब्राझीलच्याच पोर्तो अलेग्रेची. १९६४ ते १९८५ लष्करी राजवट, १९८८ मध्ये नवी राज्यघटना आणि १९८९ मध्ये ऑलिव्हियो दुत्रा महापौर झाले. कामगार पक्षाच्या या महापौरांनी अंदाजपत्रक वस्त्यांपुढे न्यायचं ठरवलं. शहराचे सोळा विभाग पाडले, विभागवार सभा, सभांमधून प्रतिनिधी, प्रतिनिधींमधून परिषद. ऐकायला झकास. पण तिजोरी उघडली तर शहराचं जवळजवळ सगळं उत्पन्न पगारांतच जात होतं. लोकांनी हौसेने याद्या केल्या आणि कामं झालीच नाहीत. दुसऱ्या वर्षी सभा ओस पडू लागल्या.

याच ठिकाणी बहुतेक प्रयोग गुंडाळले जातात. पोर्तो अलेग्रेत आधी उत्पन्नाकडे बघितलं गेलं. मालमत्ता कराची फेररचना झाली, ज्याची मालमत्ता मोठी त्याच्यावर कराचा दर जास्त. हातात खर्च करण्याजोगा पैसा आला, पहिले रस्ते, पहिल्या मलवाहिन्या दिसू लागल्या आणि माणसं परत आली. सुरुवातीला हजाराच्याही आत असलेली हजेरी दहा वर्षांत काही हजारांवर गेली. ज्यांनी पहिल्या वर्षी चूक कबूल करून दुसऱ्या वर्षी पुन्हा सभा बोलावली, त्यांच्या धीराचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांच्या वाटपाच्या सूत्रात एक बारीक गोष्ट आहे, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. कोणत्या विभागाला किती, हे नुसत्या मतांच्या संख्येवर ठरत नसे. विभागाने काय मागितलंय, तिथली लोकसंख्या किती, आणि ती सोय तिथे किती कमी आहे, या तिन्हींना गुण होते. जिथे गटारं नाहीत त्या विभागाला गटारांसाठी जास्त गुण. म्हणजे ज्याच्याकडे कमी आहे त्याचं पारडं आधीच थोडं जड केलेलं. पाणी आणि मलनिस्सारणाच्या जोडण्या १९८८ मध्ये सुमारे ७५ टक्के घरांपर्यंत होत्या, १९९७ पर्यंत त्या ९८ टक्क्यांवर गेल्या. पुढे ही पद्धत ब्राझीलच्या इतर शहरांत पसरली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोनिया गोन्साल्विस यांच्या अभ्यासात असं दिसलं की ही पद्धत घेतलेल्या नगरपालिकांनी आरोग्य आणि स्वच्छतेवर खर्चाचा जास्त वाटा वळवला आणि तिथले बालमृत्यूही कमी झाले. लोकांना विचारलं की लोक कारंजी मागतात, असं म्हणणाऱ्यांपुढे मी हे ठेवते. ज्यांच्या घरात पाणी शिरतं ते कारंजी मागत नाहीत. फक्त ते सभेला पोचले पाहिजेत.

आणि अडचण तिथेच आहे. आमची सभा संध्याकाळी साडेपाचला होती. त्या बाई आल्या कारण त्या दिवशी त्यांना लवकर सोडलं होतं. सोडलं नसतं तर त्यांचं काम फळ्यावर एक आकडा म्हणूनच राहिलं असतं, सगळ्यात मोठा, म्हणून सगळ्यात आधी खोडला जाणारा.

केरळमध्ये १९९६ च्या ऑगस्टमध्ये लोकयोजना मोहीम सुरू झाली तेव्हा राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे द्यायचं ठरलं. आकडा मोठाच आहे, पण मला त्यातल्या लहान तजविजी जास्त शिकवून गेल्या. ग्रामसभा सुट्टीच्या दिवशी ठेवल्या. शेकडो माणसं एका मैदानात बसवली की चार जणच बोलतात, म्हणून सभेचे विषयवार लहान गट केले आणि प्रत्येक गटात चर्चा पुढे नेणारा, त्यासाठी शिकवलेला माणूस बसवला. योजनेतला किमान दहा टक्के पैसा स्त्रियांसाठीच्या कामांना राखला. त्या पहिल्या फेरीत वीस लाखांहून जास्त माणसं आली. सुट्टीचा दिवस, लहान गट आणि बोलायला हात देणारा कुणीतरी, हे ठरवायला क्रांती लागत नाही. आपल्या मनात ज्यांनी यावं असं आहे, त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक एकदा डोळ्यांखालून घालावं लागतं.

न्यूयॉर्कमध्ये २०११ साली चार नगरसदस्यांनी आपल्या अखत्यारीतले प्रत्येकी किमान दहा लाख डॉलर असेच लोकांपुढे ठेवले. आता तिथे अकरा वर्षांचं मूलही या कामांसाठी मत देतं. शाळेचं स्वच्छतागृह तुंबतं हे कुणाला आधी कळतं? पॅरिसने २०१४ मध्ये मोठी झेप घेतली, २०२० पर्यंतच्या गुंतवणूक खर्चातले पाच टक्के, म्हणजे जवळपास ५० कोटी युरो, लोकांच्या मतावर सोडले. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त मतं मिळाली ती इमारतींच्या भिंतींवर झाडं लावायच्या कल्पनेला. झाडांवर माझं प्रेम आहे, मी तर बाकं आणि झाडंच मागायला गेले होते. पण घरबसल्या मत देता येतं तेव्हा दुसऱ्याची भिंत बघावी लागत नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे, ओळखी आहेत, चार जणांना कामाला लावायची हातोटी आहे, त्यांचं काम वर येतं. पॅरिसच्याही ते लक्षात आलं असणार, कारण २०१६ मध्ये १० कोटींतले ३ कोटी युरो कष्टकरी वस्त्यांसाठी वेगळे काढले गेले. नुसती मतमोजणी मला पुरेशी वाटत नाही ती यामुळेच. मत देण्याआधी एकमेकांसमोर बसणं, ऐकणं, जमलं तर जाऊन बघणं, हे वगळलं तर उरते ती मागण्यांचीच स्पर्धा.

सगळ्यांनी मिळून पैशाचं ठरवणं तसं फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी ४८३ च्या सुमारास अथेन्सजवळ लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. नागरिकांमध्ये ती वाटून टाकायची, माणशी दहा द्राक्मा (तिथली नाणी), असा विचार होता. थेमिस्टोक्लिस या नेत्याने सभेला त्या पैशातून जहाजं बांधायला राजी केलं, आणि ४८० मध्ये पर्शियनांविरुद्धच्या सालामिसच्या लढाईत त्याच आरमाराने शहर तारलं. हातात येणारं नाणं सोडून लोकांनी जहाजांना होकार दिला, हे वाचताना ऊर भरून येतो. लगेच दुसरी गोष्ट आठवते. ती चांदी खाणीतून उपसत होते ते गुलाम होते. त्यांना त्या सभेत जागा नव्हती. शहरातल्या बायकांनाही नव्हती.

आता आमच्या गटाराचं सांगते.

यादी जाहीर झाली, गटार पहिल्या क्रमांकावर. आम्ही टाळ्या वाजवल्या. पावसाळा आला आणि गेला. आठ महिन्यांनी मी चौकशी केली तेव्हा खिडकीतून उत्तर मिळालं, "त्या रकमेचं वर्गीकरण झालं." म्हणजे आम्ही ठरवलेला पैसा एका शीर्षाखालून काढून दुसऱ्या शीर्षाखाली टाकला होता. कशासाठी, कुणी, कधी, आम्हाला कुणीही कळवलं नव्हतं. चाळीस माणसांनी एक संध्याकाळ देऊन, भांडून, स्वतःची कामं खोडून जे ठरवलं होतं, ते एका ओळीच्या टिपणीने पुसलं गेलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझ्या झाडांचं दुःख नव्हतं ते. ज्यांना मी घरोघर जाऊन त्या रेघेबद्दल सांगितलं होतं, त्यांच्यापुढे आता कोणत्या तोंडाने जाऊ, हे मला समजत नव्हतं.

शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. अगदी खालच्या दोन पायऱ्यांवर खरा सहभागच नाही, लोकांना नुसतं वापरून घेणं. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं, समजूत काढणं. वरच्या तीन पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि सगळ्यात वर लोकांच्या हाती कारभार. आम्हाला वाटत होतं आपण वर पोचलो. आम्ही खालून चौथ्या पायरीवर होतो. आमचं मत विचारलं होतं, पण त्याने कुणाचे हात बांधले गेले नव्हते. पोर्तो अलेग्रेतही हे झालंच. २००४ च्या निवडणुकीत सत्ता बदलली, पुढे पद्धत हळूहळू अशक्त होत गेली आणि २०१७ मध्ये तर फेरी थांबवली गेली. जगाला जे शिकवलं ते त्याच शहरात अडखळलं. लोकांनी ठरवलेलं बदलायचं असेल तर लोकांसमोर येऊन बदला, हा नियम कागदावर आणि अंगवळणी, दोन्हीकडे लागतो.

पुढच्या वर्षी पुन्हा सभा बोलावली तेव्हा चौदा माणसं आली. त्या बाई आल्या. या वेळी पुढच्या बाकावर बसल्या. नवे अधिकारी होते, त्यांनी नव्या कामांची यादी फळ्यावर लिहायला घेतली. बाई उठून म्हणाल्या, "साहेब, आधी मागच्याचं वाचा."

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरमध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली, तिथे नेमकं हेच झालं होतं. सरकारी कामांची बिलं, हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले गेले. कागदावर मजुरी घेतलेल्यांची नावं ऐकून लोक सांगू लागले, हा तर कधी कामावर गेलाच नाही, हे काम तर झालंच नाही. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही त्यांची घोषणा. त्या वाचनांतून वाढलेल्या मागणीचा २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात मोठा वाटा आहे. ठरवण्याचा हक्क आणि हिशेब ऐकण्याचा हक्क मला वेगळे काढता येत नाहीत. मागच्याचं वाचल्याशिवाय पुढचं ठरवायला बसणं म्हणजे पुन्हा मागायलाच बसणं.

त्या अधिकाऱ्यांनी खडू खाली ठेवला आणि फाइल मागवली. वीस मिनिटं आम्ही वाट बघितली. मग त्यांनी तारखांसकट वाचून दाखवलं, पैसा कधी हलवला, खचलेल्या पुलाच्या दुरुस्तीसाठी हलवला, परत कधी आणला, तांत्रिक मंजुरी कुठे अडली आहे. शेवटी म्हणाले, "हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं." पुलाचं काम निकडीचं होतं, आम्हाला विचारलं असतं तर आम्हीही बहुधा हो म्हटलं असतं. सभा संपेपर्यंत कुणी उठून गेलं नाही.

काम सुरू झालं त्या आठवड्यात आम्ही तिघी टेप घेऊन गेलो. व्यास साडेचारशे, हे त्या फळ्यावरच्या दोन गोलांमुळे पक्कं लक्षात होतं. खालच्या टोकाला, वळणापाशी, पाइप तीनशेचे निघाले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "ताई, एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?" बाईंनी त्याला हाताला धरून घरात नेलं आणि भिंत दाखवली. आम्ही अभियंत्याला फोन लावला. तो तुकडा उकरून पुन्हा टाकला गेला.

गेल्या पावसाळ्यात मी मुद्दाम तिकडे गेले. तीन दिवस झड लागली होती. गल्लीत चिखल होता, उंबऱ्याच्या आत कोरडं होतं. भिंतीला नवा रंग दिला होता, तरी तिरप्या उजेडात ती रेघ अजून कळत होती. पलंग आधीपेक्षा खाली आला होता. मी वाकून बघितलं. प्रत्येक पायाखाली आता एकच वीट होती.

"एक-एक काढली," त्या म्हणाल्या. "एक-एक राहू दिलीय. अजून एक पावसाळा बघू."